मल्लम्माक्का पिक्चर सांगते

आमच्या मादन हिप्परग्यात पुरुष पिक्चर बघायला जातात. बायका ऐकायला जातात, आणि सांगते ती मल्लम्माक्का.

जत्रेत पडदा बांधला की बायकांच्या बाजूला मधोमध तिची सतरंजी पडते. पिक्चर कन्नड असला तर ती मराठी बायकांना मराठीत सांगते. तेलुगू असला तर डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. तीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत, धंदा किराणा दुकानाचा, जीभ तिखट. "आता बगा, ह्यो मेला दार लावायलाय. तिला ठावं न्हाई आजून." खलनायकाला पदरच्या शिव्या घालते, पण लगेच सांगते, "ही शिवी माजी हाय बरं का, पिक्चरातली न्हाई." आणि रडायची जागा आली की गप्प बसते. तिथं ज्याचं त्यानं ऐकायचं, हा तिचा नियम.

हे सगळं मला माहीत होतं. तिच्या सतरंजीच्या कोपऱ्यावर बसूनच मी पिक्चर बघायला शिकलो. तरी गुलबर्ग्याच्या थिएटरात तिला गप्प बसवलं ते मीच. मला राग अनेकांचा आहे, पण पहिला माझा आहे.

मी गुलबर्ग्याला कॉलेजात शिकवतो आणि दर वर्षी तिथल्या चित्रपट महोत्सवात फुकट राबतो. आवडीनं राबतो, खोटं कशाला सांगू. चार दिवस कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं पडद्यावर भेटतात आणि बाहेर मिरची भजी खात त्यांच्यावरून भांडता येतं. यंदा यादीत आमच्याच गावात शूटिंग झालेला मराठी पिक्चर होता. पुस्तिकेत त्याच्याखाली छापलं होतं, 'सीमाभागाचा अस्सल आवाज'. मी तो अजून बघितला नव्हता, पण त्यात दीड मिनिट आमचे अंकुशराव आहेत हे ठाऊक होतं.

अंकुशरावांचं रान रस्त्याला लागून. दोन वर्षांमागं शूटिंगची माणसं उन्हात उभी होती, तेव्हा त्यांनी हाका मारून पाणी पाजलं. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्यानं तसंच पिक्चरात घेतलं. परक्या गावचा वाटसरू येतो, अंकुशराव त्याला बसवून पाणी देतात, एवढंच. गेल्या दिवाळीत अंकुशराव गेले.

त्यांच्या बायकोची, चंद्रभागाबाईंची, नजर साखरेच्या दुखण्यानं आधीच गेलेली. नवऱ्याचा हार घातलेला फोटो भिंतीवर आहे, तो त्यांच्या काय कामाचा? आवाज कुठंच नव्हता. साधा बटणांचा फोन वापरणारा माणूस, त्याचा आवाज कोण भरून ठेवतंय! मी महोत्सवाचं सांगायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"बोलतेत का त्यात?"

"व्हय काकू, बोलतेत."

"मग मला ने, संगमेश. एकडाव आयकू दे."

मल्लम्माक्का सोबत आली. न येऊन कसं चालेल? डोळे तिचेच लागणार होते.

एसी थिएटर, मऊ खुर्च्या. पिक्चर सुरू झाला आणि अक्काही सुरू झाली. "बग चंद्रभागा, आपला मारुतीचा पार दावायलेत. कुत्रं बी तेच हाय, लंगडं." चंद्रभागाबाई हसल्या. मागून कुणीतरी चक् चक् केलं. पुढून एक बाई वळून बघायला लागल्या, चष्म्यावरून. मग एक स्वयंसेवक टॉर्च घेऊन आला आणि माझ्या गळ्यातलं कार्ड बघून मलाच म्हणाला, "सर, जरा सांगा ना त्यांना."

मी सांगितलं. माझ्या गावच्या बाईला, माझ्या जिभेनं. "अक्का, हितं बोलायचं नसतंय."

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा थोबाडीत दिलेली परवडली असती. पण गप्प बसली. अंकुशराव पडद्यावर आले तेव्हा तिनं फक्त चंद्रभागाबाईंचा हात दाबला. मान पुढं काढून त्या ऐकायला लागल्या.

"क्षणभर विसावा घ्या, पाहुणे. उन्हाचा तडाखा फार आहे. वाट काही पळून जात नाही."

अंकुशरावांचे ओठ हलत होते आणि आत कुणी दुसराच बोलत होता. गुळगुळीत, कमावलेला, रेडिओवर खतांच्या जाहिरातीत असतो तसला आवाज.

"ह्यो कोण बोलायलाय?" चंद्रभागाबाईंनी मोठ्यानं विचारलं. या वेळी चक् चक् करायची कुणाची छाती झाली नाही. "अक्का, ह्यो कोण हाय? आमचं मालक कवा येतेत?"

पडद्यावर अंकुशराव तांब्या घेऊन परत वळले आणि पिक्चर पुढं गेला.

शेवटी दिग्दर्शकाशी गप्पा होत्या. पांढरा कुर्ता, खांद्यावर झोळी. सीमेवरच्या माणसाचा गळा दाबला जातो, यावर त्यांनी दहा मिनिटं घेतली. मी माईक ओढून घेतला आणि अंकुशरावांच्या आवाजाचं काय केलं ते विचारलं.

"त्यांची भाषा फार मिश्र होती हो. अर्धं कानडी, अर्धं दख्खनी. आपल्या प्रेक्षकाला कळलं नसतं. म्हणून एका चांगल्या नटाकडून करून घेतलं."

"आणि मूळ आवाज?"

"त्या फायली आता कुठल्या राहिल्यात!"

कुठल्या राहिल्यात! जुना पेपर रद्दीत घालावा तसं बोलला. अक्का उठली. तिला माईक लागत नाही.

"तुमाला कळंना म्हणून तुमी पुसून टाकलाव व्हय? तीस वर्सं मी परक्याचं बोलणं बायांना सांगायलेय. एकाचा बी आवाज खाल्ला न्हाई. कळंना तर इचारायचं की, कामून इचारलं न्हाई?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचाही मला संताप आला. दिग्दर्शक हात जोडून हसला, आणि 'गावात दाखवा, त्या वेळचा फोटो मात्र पाठवा' म्हणून पिक्चरची प्रत मला दिली.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून तो पिक्चर दाखवला. अक्काची सतरंजी मधोमध, शेजारी चंद्रभागाबाई. पडद्यावर अंकुशरावांचं रान आलं तसं अक्का ओरडली, "संगमेश, त्या भाड्याचा आवाज बंद कर!"

मी केला. अंकुशराव नुसते ओठ हलवायला लागले आणि अक्का त्यांचं बोलणं सांगायला लागली. "बसा पावनं, पाणी पिऊन जावा..."

"तसं न्हाई." चंद्रभागाबाईंनी तिचा दंड धरला. "आगुदर च्च करायचे. मग बोलायचे."

अक्का थांबली. "तूच सांग मग."

मी पिक्चर मागं घेतला. "आले बग रानातून," अक्का म्हणाली. "बोलायलेत आता."

चंद्रभागाबाईंनी तोंड पडद्याकडं केलं. "च्च. बसा की ओ अप्पा. पाणी पिऊन जावा. नीर थंड हाय, ऊन जादा हाय. वाट काय पळून चाललीय?"

ओठांशी शब्द जुळले नाहीत. दिग्दर्शकाला फोटो मी पाठवला नाही, पाठवणारही नाही. दृश्य संपल्यावर मी अक्काला विचारलं, आवाज परत सोडू का?

"गप बस," अक्का म्हणाली. "ती आयकायलीय आजून."