लाभ, दोन, तीन

प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यात मी लॅपटॉपवर नऊ बिझनेस स्कूलांची यादी केली आणि प्रत्येक नावाला रंग दिला. लाल म्हणजे लांबचं, पिवळं म्हणजे बेताचं, हिरवं म्हणजे हमखास. मोठी नावं जिथून सुरू होतात, त्याच्या किंचित खाली माझे पर्सेंटाइल थांबले होते. दहावी-बारावीचे गुण चांगले, बी.कॉम. परभणीचं, दोन वर्षं एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात काम. हिरवी दोनच होती आणि तिथे मला जायचं नव्हतं.

खात्री करावी म्हणून पुण्याच्या एका सल्लागाराशी फोनवर बोलले. त्यांनी वीस मिनिटांत माझा अंदाज बांधला. आकडे ठीक आहेत, म्हणाले, पण तुम्ही फार कमी बोलता, मुलाखतीत अडचण येईल. मग विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात असतात.

"म्हणजे शेतमालाचा व्यापार. छान. फॉर्ममध्ये तसंच लिहा, बिझनेस फॅमिली म्हटलं की बरं दिसतं."

मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. फॉर्ममध्ये तसंच लिहिलं.

पप्पा व्यापारी नाहीत. ते मापाडी आहेत. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याकडे जाताना मधे काटा असतो आणि काट्यापाशी पप्पा. हमाल कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, काट्यावर ठेवतो, पप्पा वजन बघतात आणि दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात कितवा कट्टा ते पुकारतात. आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, पुकारणं जुनंच. आणि पहिल्या कट्ट्याला ते 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. त्यांचे वडीलही असंच मोजायचे.

मी मोजायला त्यांच्याकडूनच शिकले. पहिलीत आमच्या इंग्लिश मीडियमच्या मॅडमनी मणी मोजायला सांगितले, तेव्हा मी मोठ्यांदा म्हणाले, "लाभ, टू, थ्री." मॅडम हसल्या, म्हणून वर्ग हसला. चौथीपर्यंत मला सगळे 'लाभ' म्हणूनच हाक मारायचे. घरी मी हे सांगितलं नाही. वर्गात मात्र आपणहून बोलणं सोडलं, आणि पुढे विचारल्यावरही जेवढ्यास तेवढंच.

मुलाखतीच्या याद्या लागायला लागल्या तशी मी रोज एखादी ओळ खोडत गेले. लाल सगळी गेली. हिरव्यांनीही नकार दिला, तेव्हा माझ्या रंगांना काही अर्थ उरला नाही. नऊपैकी एका पिवळ्याचं तेवढं बोलावणं आलं. मी यादी पुन्हा वरून खाली तपासत होते, तेवढ्यात पप्पा मोंढ्यातून आले. केसांत तुरीची धूळ.

"काय मोजायलीस एवढं?"

"कॉलेजं. किती ठिकाणी बोलावलंय ते."

"किती झाले?"

"एकच."

"एक न्हाई म्हणायचं, माय. लाभ म्हण."

"पप्पा, हे तुरीचे कट्टे नाहीत."

"कट्टा काय अन् कॉलेज काय. पहिल्याला एक म्हणलं की वाटतं एवढंच हाय. लाभ म्हणलं की कळतं, मागून अजून यायलेत."

मम्मी आतून म्हणाली, "मागून कोणी येईना. तुमी आधी हातपाय धुवा, घरभर तूर करू नका."

मला हसू आलं. मग फॉर्ममधली ती ओळ आठवली आणि मी लॅपटॉप मिटला.

मुलाखत पुण्यात होती. समोर तिघं. पहिल्या दोन प्रश्नांना मी दोन-दोन वाक्यांत उत्तरं दिली आणि त्यांची पेनं थांबलेली पाहिली. मग मधल्या वयस्कर बाईंनी विचारलं, "घरचा शेतमालाचा व्यापार आहे. या हंगामात तुरीला काय भाव मिळाला?"

भाव मला माहीत होता. आमच्या घरी तो जेवताना कानावर पडतोच. खोटं सहज पुढे रेटता आलं असतं.

"फॉर्ममध्ये मी चुकीचं लिहिलंय," मी म्हणाले. "माझे वडील व्यापारी नाहीत, मापाडी आहेत."

"मग तसं का लिहिलंत?"

"माझी शक्यता वाढेल असं वाटलं म्हणून."

बाईंनी फॉर्मवर काहीतरी टिपलं. मग त्यांनी मापाडी म्हणजे काय ते विचारलं, आणि मी आयुष्यात अनोळखी माणसांसमोर बोलले नसेन एवढं बोलले. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा एकमेकांवर विश्वास नसतो, दोघांचा पप्पांच्या आवाजावर असतो. एखादा शेतकरी कट्टा उचलून दुसऱ्या काट्यावर तपासून येतो, आकडा तोच निघतो, पुढच्या वेळी तो जात नाही. बाई म्हणाल्या, कसं पुकारतात? मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांवर हात ठेवत मोजलं. "लाभ, दोन, तीन, चार." बाजूचे सर म्हणाले, लाभ म्हणजे प्रॉफिट ना? मी म्हटलं, इथे नाही, आणि पप्पांनी सांगितलेलं कारण जसंच्या तसं सांगितलं. ते हसले, पण ते पहिलीतलं हसणं नव्हतं.

प्रवेश मिळाल्याचा मेल आला तेव्हा मी थेट मोंढ्यात गेले. पप्पा तेहतीसवर होते. मधे बोलायचं नसतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. बावन्नला गाडी संपली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"झालं, पप्पा."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. हमालांतल्या एका काकांनी चिडवलं, "आता काय, पोरगी साहेब व्हायली. काटा सोडा अन् आडतीचं दुकान टाका."

"अन् काटा कोण बघंल?" पप्पा म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय पुन्हा विचारला होता. मी मराठीतच 'मापाडी' लिहिलं. दोन दिवसांनी तिथल्या ऑफिसातून फोन आला, "मॅडम, हे आमच्या यादीत नाही. बिझनेस टाकू का?"

"नको," मी म्हणाले. "'इतर' निवडा आणि पुढे मी लिहिलंय तेच ठेवा."

त्यांना त्याचं इंग्रजी स्पेलिंग कळेना. मी अंगणात उभी होते, शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. मी एकेक अक्षर मोठ्यांदा सांगितलं, दोनदा.