टांझानियाचा विद्यार्थी आणि माझा खास विषय

तंजावूरच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. आफ्रिकेतलं निसर्ग-पर्यटन आणि त्यातून होणारा तिथल्या भागाचा विकास हा माझा खास विषय. आफ्रिकेत मी कधी गेलेली नाही. जंगल म्हणाल तर शाळेच्या सहलीत एकदा गेले होते, पण बस लागल्यामुळे ते सगळं डोळे मिटूनच पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे टांझानियाहून एक विद्यार्थी आला. तो समोर बसलेला असताना मी ठणकावून सांगितलं, "अभयारण्याशेजारी पर्यटकांची सोय झाली, की गावातल्या बायकांना वर्षभर काम मिळतं."

त्याने हात वर केला. "मॅडम, माझी आई अशाच एका ठिकाणी स्वयंपाक करते. मोठ्या पावसात रस्ते बुडतात, पर्यटक येत नाहीत. तेव्हा ती शेतात मका लावते."

"अपवाद असतात," मी म्हणाले.

"आमच्या गावातल्या सगळ्याच बायका अपवाद आहेत," तो नम्रपणे म्हणाला.

वर्ग खदखदून हसला. मीही हसले, जरा उशिरा.

ओशाळून मी त्याला रविवारी जेवायला बोलावलं. माझ्या आईने वाढलेलं रसम तो तीनदा मागून प्यायला. तेवढ्यात शेजारची अक्का डोकावली. ती तंजावूरच्या डोलणाऱ्या बाहुल्या रंगवते. देवळापाशी पर्यटक त्या घेतात. त्याने लगेच विचारलं, "पर्यटक नसतात तेव्हा तुम्ही काय करता?" मी तो प्रश्न तमिळमधून तिला सांगितला.

"उन्हं तापली की इकडे कोण येतं? मी पापनाशमला जाते, भावाच्या शेतात उडीद काढायला," अक्का म्हणाली.

मी हे त्याला इंग्रजीतून सांगितलं, तेव्हा त्याने फक्त रसमाची वाटी पुढे केली, हा त्याचा चांगुलपणा. वीस वर्षं अक्का आणि मी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतो. दर उन्हाळ्यात तिच्या दाराला कुलूप दिसायचं आणि ती हवापालटाला जाते, असं मी खुशाल धरून चालले होते.

सोमवारी मी त्याला फळ्यापाशी उभं केलं आणि स्वतः मागच्या बाकावर बसले. तासभर तो आईचं वर्ष कसं जातं त्याबद्दल बोलला. माझ्या तासाला पेंगणारी मुलंसुद्धा प्रश्न विचारत होती. शेवटी एकीने त्याला विचारलं, "उद्याही तुम्हीच शिकवणार?"

त्याच्या आधी मीच हो म्हणून टाकलं. मला अजून बरंच उतरवून घ्यायचं होतं.