जर्मनचे बारा डबे

जिलानीभाईनं मला एकदा तरी शिव्या घालाव्यात, अशी माझी लई इच्छा हाय. पण हा माणूस तोंड उघडतो ते माझं कौतुक करायला, अन् माझ्या मस्तकात तिडीक जाते.

भूकंपानंतरची गोष्ट. लातूरच्या एमआयडीसीत भंगार वितळवून गज करायचा एक छोटा कारखाना होता. मी, शिवशंकर, तिथं केमिस्ट. बी.एस्सी.चा कागद अन् अंगात मस्ती. मुरुडचा जिलानी भट्टीवर. शाळा चौथीपर्यंत, पण रस नुसता बघून सांगायचा, अजून उकळून राहिलाय, ओतू नका. वितळलेल्या पोलादात ऑक्सिजन राहतो. तसंच साच्यात ओतलं की गार होताना बुडबुडे उठतात, आत पोकळ्या राहतात, अन् असल्या मालाचा गज वाकवला की कटकन तुटतो. म्हणून ओतताना अ‍ॅल्युमिनियम द्यायचं. ते ऑक्सिजन ओढून घेतं अन् रस शांत होतो. वरून टाकलं तर फुकट जळून जातं, म्हणून जिलानी ते सळईला तारेनं बांधून पार तळापर्यंत खुपसायचा.

त्या वर्षी आमचे गज किल्लारीकडच्या नव्या घरांना चालले होते. जिलानीच्या बायकोचं, बेगमबीचं, माहेर तिकडचंच. माहेरचं कुणी उरलं नव्हतं. म्हणून हा माणूस प्रत्येक घाण्याला अडून बसायचा, जणू तो गज तिच्याच घराला लागणार हाय.

एका दुपारी भट्टी तयार, अन् कोठीत अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा न्हाई. हैदराबादची गाडी वाटेतच कुठंतरी बंद पडलेली. चारला लाईट जाणार. तोवर ओतलं न्हाई तर रस भट्टीतच गोठणार अन् आठ दिवस काम ठप्प. मालक अमृतराव म्हणाले, ओता तसंच, एका घाण्यानं काय आभाळ कोसळतंय? मी काय केलं? गप बसलो. मालाच्या रिपोर्टवर सही माझी असणार होती, तरी गप बसलो. त्याची आजही लाज वाटते.

जिलानी भट्टीसमोर आडवा उभा राहिला. न्हाई म्हणजे न्हाई. मग त्याची नजर आमच्या जेवणाच्या डब्यांवर गेली. सगळे जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचेच. मोजले तर बारा निघाले. एवढ्यात कसंबसं भागेल, म्हणाला. कुणाची उरलेली भाजी भाकरीवर काढायला लावली, डबे हातोड्यानं चेपले अन् भट्टीच्या कडेला शेकायला ठेवले. एकेकाला विचारून राहिला, ओला तर न्हाई ना? थेंबभर पाणी त्या रसात गेलं तरी स्फोट होतो.

मला जेवल्याबरोबर डबा धुवायची सवय. घरचं वळण, दुसरं काय! माझा डबा शेवटी आला. रुमालानं पुसून मीच तो घाईघाईनं चेपला होता. डब्याच्या मुडपलेल्या कडेत पाणी राहतं, हे बी.एस्सी. झालेल्या गाढवाला सुचलं न्हाई.

"कोरडा हाय ना, साहेब?" जिलानीनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

तेवढा एकच डबा शेकायचा राहिला. भट्टीतला रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या बादलीत, घेतला, जिलानीनं डबे बांधलेली सळई तळाला नेली, अन् रस उसळला. त्याचा एक शिंतोडा जिलानीच्या उजव्या डोळ्यात गेला. तरी पठ्ठ्यानं सळई सोडली न्हाई. रस शांत झाला तेव्हाच तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी गज वाकवून पाहिले. एकही तडकला न्हाई. डोळा मात्र गेला. एका डोळ्याचा माणूस भट्टीवर चालत न्हाई म्हणून अमृतरावांनी जिलानीला घरी बसवलं. मीही वर्षभरात कारखाना सोडला. लातूरला क्लासेसचं पेव फुटलं होतं. आता मी तीनशे पोरांना केमिस्ट्री शिकवतो. पोरं मला देव मानतात. डोंबलाचा देव! खरं सांगायचं म्हणून मी दोनदा मुरुडला गेलो, अन् दोन्हीदा बेगमबीच्या हातचं जेवून परत आलो.

यंदाच्या जूनमध्ये जिलानी आपल्या लेकीला, कहकशांला, अकरावीच्या क्लासला घेऊन आला. माझ्याकडं बोट करून तिला म्हणाला, "बेटा, ये साब अपना खुद का डब्बा दिये थे."

मग मात्र मला राहवलं न्हाई. "जिलानीभाई, तो डबा ओला होता. तुमचा डोळा माझ्यामुळं गेला."

त्यानं मला खुर्चीवर बसायला सांगितलं. माझ्याच क्लासमध्ये, मला!

"कडेला ओल दिसली होती मला," तो म्हणाला. "पण शेकायला वेळ नव्हता, अन् अकरा डब्यांत रस शांत झाला नसता."

पंधरा वर्षं मी ज्या चुकीखाली पिचलो, तीसुद्धा ह्या माणसानं माझ्याकडं राहू दिली न्हाई.