म्हसोबाचा थेंब

बाजीरावाची जीभ म्हणजे जीभ! कतारमधल्या दोहा शहरातल्या बड्या हॉटेलच्या जपानी रेस्टॉरंटात तो भांडी घासायचा. पण कपाच्या तळाशी राहिलेल्या साकेवरून, म्हणजे त्या तांदळाच्या दारूवरून, ती जपानातल्या कुठल्या मुलखाची ते सांगायचा. धाकट्या सुदामलाही त्यानंच गावाहून आणून शेजारच्या सिंकला लावलं होतं.

साके वाढायला माणूस हवा होता. सिंकमधून सुटायची ही एकच वाट. मॅनेजर नंदू पुण्याचा, पण मराठी फक्त शिव्या द्यायला वापरायचा. त्यानं तीन कप मांडले.

"चाख रे, घासऱ्या. बघू तुझी अक्कल."

बाजीरावानं सवयीनं बोट बुडवलं न् पहिला थेंब म्हसोबाच्या नावानं उडवला. तो नेमका नंदूच्या पांढऱ्या शर्टावर.

मग चाखली. पहिली नीगाताची, कोरडी, कातळातल्या पाण्यासारखी. दुसरी अकिताची, भाताच्या पेजेसारखी भरलेली. तिसरी हिरोशिमाची म्हणाला, ती निघाली क्योटोची. पण दोन्हीकडची मऊच, तेवढं कुणाचंही चुकतं! जपानी शेफनं मान डोलावली. नंदू मात्र हसत सुटला.

"जागा तुझी. पण चवीचं ज्ञान पाजळू नकोस. तो थेंब उडवायचा, टेबलाटेबलावर. गेस्टना मजा येईल."

पहिल्याच टेबलावर पाव्हण्यांनी मोबाईल काढले. "अगेन! अगेन!"

"उडव की," नंदू म्हणाला. "तुझा देव बेवडा दिसतोय, एका थेंबानं भागायचं नाही त्याचं."

बाजीरावानं बाटली खाली ठेवली. "देव हाय त्यो माझा. सर्कशीतलं माकड नव्हं."

"खलास. जा भांड्यांत. ए सुदाम, तू ये!"

बाजीराव दारातच थांबला. आपल्याच आईच्या पोटचा, हा काय नंदूचं ऐकतोय! पण सुदामनं हात पुसले, थेंब उडवला, वर डोळे फिरवले, अंगात आल्यासारखा घुमला. लोकांनी उभं राहून टाळ्या पिटल्या.

कप न्यायला तो आत आला. "दादा, तोंड कशाला पाडलंस? थेंबानं काय देव मरतोय व्हय?"

"तू वाढली ती साके कुठली, सांग बरं."

"कोण इचारतंय? यल्ला, चल लवकर, कप दे. टेबल खोळंबलंय."

बाजीरावानं कप घासला, उजेडात धरून पाहिला, त्याच्या हातात दिला. इतका लख्ख कप त्या हॉटेलात दुसरं कुणी घासत नाही.