चहाघराच्या दारातला दगड

बिसराम आज तरी झोपला असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही. परवा पाहिलं तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते.

दरेकशाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये माझ्या लेकीनं, मोनालीनं, जपानी बाग केली आहे. तिचं हे पहिलंच मोठं काम, रविवारी उद्घाटन. बिसराम तिथला मजूर. पन्नाशीचा, आयुष्यभर जंगलात तेंदूपत्ता तोडलेला, बांबू कापलेला. पहारीनं दगड असा हलवतो की मोनाली त्याला 'उस्ताद' म्हणते.

परवा ती मला बाग दाखवत होती. सांगत होती, आधीच्या काळी जपानातल्या सरदारांच्या बागांत होडी फिरेल एवढी तळी असायची. पुढे मठांतल्या साधूंनी पाणीच काढून टाकलं. पांढऱ्या खडीवर दाताळं ओढून लाटा काढल्या. नंतर चहाघराकडे नेणारी दगडांची पायवाट आली.

"आणि आई, त्यांचा एक जुना नियम आहे. मूळचा उभा दगड आडवा टाकायचा नाही. तो पछाडतो म्हणे." ती हसली.

बिसराम खडीची पाटी घेऊन मागून आला. चहाघराच्या दारात आडव्या बसवलेल्या लांबट दगडापाशी थांबला, चप्पल काढली आणि चिखलातून वळसा घालून गेला.

मोनाली मालकाशी बोलायला गेली तेव्हा मी विचारलं, "बिसरामभाऊ, दगडावरून का नाही गेलात?"

"मंगलीचा गोटा हाय, बाई."

मंगली त्याची बायको. चार वर्षांपूर्वी गेली. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. ठेकेदाराच्या माणसांनी बाकीच्या दगडांबरोबर तोही ट्रॅक्टरमध्ये टाकून आणला होता.

"मग सांगितलं का नाही?"

"काऊन सांगू? मॅडमले बहुत आवडला. काम गेलं असतं. मीच बसवला ना, ह्याच हातानं." खडी ओतत तो म्हणाला, "रोज राती सपनात येऊन राहिली ती. म्हणते, लोकं माह्या अंगावरून जाऊन राहिले, अन् तू पाहून राहिला."

मोनाली परत आली, खुशीत होती. "आई, दारात उभी राहा, फोटो काढते." मी त्या दगडावर उभी राहिले.

फोटो आत्ता समोर आहे. माझ्या चपला नीट दिसतात.

रविवारी शंभरेक माणसं त्यावरून आत जातील. आता दगड हलवायचा तर दारातली वाट उखडावी लागेल, मालक चिडेल, कदाचित मोनालीचं पुढचं काम जाईल. म्हणून दोन दिवस गप्प बसले. पण तो दगड मूळचा उभा होता, हे तिला माहीतच नाही.

साडेबारा वाजलेत. एवढ्या रात्री आईचा फोन पाहून ती घाबरेल. घाबरू दे. मी तिचा नंबर लावते आहे.