दिव्याखालची जागा

आमचे बाबा दिवसभर स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायचे आणि अंधार पडला की तिपाई खांद्यावर टाकून शहराचे. हौसेला मोल नसतं म्हणतात, तशातली गत. त्या काळी रात्रीच्या फोटोला कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे. तेवढ्यात समोरून चालत गेलेला माणूस फोटोत उमटतच नाही, उमटतो तो फक्त न हलणारा. फोटोत एक तरी माणूस दिसावा म्हणून आई बरोबर जायची. दिव्याच्या खांबाखाली उभं राहायचं, हूं की चूं करायचं नाही. एरवी आमची आई दोन मिनिटं गप्प बसेल तर शपथ. पण तिथे थंडीने नाक गळलं तरी पुसायची नाही.

फोटो परस्पर कॅलेंडरवाल्याकडे जात आणि कॅलेंडरं परगावी खपत. तिने एकही पाहिला नव्हता.

परवा वाचनालयाच्या सभागृहात त्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. आईने अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं. "मी आहे त्यात, खांबाखाली." बाबांचा गुडघा नेमका तेव्हाच दुखायला लागला, जायला नको म्हणे. मी त्यांच्यावर खेकसले, आता कसले नखरे, चला मुकाट्याने.

फोटो भिंतभर मोठे केले होते. पूल, बाजार, ओले रस्ते. आई बायकांना घेऊन पहिल्या फोटोशी गेली. खांब होता, दिवा होता, खाली कोणी नव्हतं. दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. "असाल हो पुढच्यात," शेजारच्या काकू म्हणाल्या. मागे कोणीतरी खुदकन हसलं. आईचं तोंड एवढंसं झालं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती बाबांजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी हलले असणार हो. सगळे फोटो बिघडवले तुमचे."

मी परत फोटोपाशी गेले. खांबाखालच्या फरशीवर एक सावली होती, अगदी रेखीव, हाताची घडी घातलेली. सावली होती आणि माणूस नव्हतं. गिऱ्हाइकांचे तीळ आणि सुरकुत्या निगेटिव्हवरून ब्लेडने, पेन्सिलने नाहीशा करणं हा तर बाबांचा रोजचा धंदा. सावली तेवढी पुसायची राहिली होती. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं, तर ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"तू हलली नव्हतीस," बाबा म्हणाले. सगळ्या बायका ऐकत होत्या. "कॅलेंडरवाल्याला रिकामे रस्ते हवे होते. पहिल्याच फोटोपासून."

"पहिल्याच?" आई म्हणाली. "मग पुढे इतकी वर्षं मला उभं कशाला केलंत?"

"तुला सांगायची लाज वाटली."

आई होती तिथेच उभी राहिली, आणि नाक गळत होतं तरी तिने ते पुसलं नाही.