आधी पाणी

“पहिले पाणी माग, मग पत्ता विचार.” नव्या वस्तीत स्कूटर थांबली की भाऊ हेच म्हणायचे. मग हेल्मेट काढून काखेत धरायचे आणि पहिल्या उघड्या दारापाशी जाऊन उभे राहायचे.

रायपुरातल्या एका हिंदी दैनिकात मी नागपूरहून रुजू झाले, तेव्हा ते तिथले सर्वांत जुने शहर-वार्ताहर होते. मराठी असो की छत्तीसगढी, सगळे त्यांना भाऊ म्हणत. माझ्याकडे मोहल्ल्यांच्या बातम्या आल्या. इथे मोहल्ल्याला पारा म्हणतात, एवढंच मला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात एका गल्लीत मी वही उघडून उभी राहिले, तर विजेचं मीटर तपासायला आलेली समजून तीन घरांनी दारं लावून घेतली. भाऊंना हे कळल्यावर ते बराच वेळ हसत होते. वही दिसली का लोक घाबरतेत, म्हणाले. पाणी मागणाऱ्याले कोण घाबरते?

ब्राह्मणपाऱ्यात त्यांच्यासोबत गेले, तेव्हा एका म्हातारीने पाण्याचा तांब्या आणला आणि बसायला पायरी झाडून दिली. तुंबलेल्या नालीची अख्खी बातमी त्या पायरीवर मिळाली. वही उघडावीच लागली नाही. निघताना म्हातारीने भाऊंना पुन्हा यायला सांगितलं. “हव,” ते म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात खरंच गेले. बातमी काहीच नव्हती.

मी हे सगळं धंद्यातलं कसब समजत होते. पण ते पाण्याइतकंच भांडंही पाहतात, हे पुढे लक्षात आलं. कारण विचारलं, तेव्हा त्यांनी हवामानाचा अंदाज सांगावा तशा आवाजात सांगितलं. वडिलांना रेल्वेत नोकरी लागली आणि विदर्भातलं हे बौद्ध कुटुंब रायपूरला आलं. भाऊ सहा वर्षांचे होते. खोली पाहायला वडील त्यांना बोट धरून नेत. घरमालक आधी आडनाव विचारी. पाणी त्यानंतर येई, किंवा येत नसे.

“घरचा ग्लास आला का आपण घरात. डिस्पोजलचा ग्लास आला का उंबरठ्यावर. अन् वरून ओंजळीत ओतलं...” एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. आम्ही पुढच्या पाऱ्यात गेलो.

ते निवृत्त झाले, पाठोपाठ पत्नी गेली. मंत्रालयात नोकरी करणारी मुलगी त्यांना नवा रायपूर या शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. तिथून त्यांचे फोन येत. रस्ते रुंद होते, बस क्वचित होती, आणि एकही दार उघडं नसे. तरी रोज एक बिल्डिंग, असं त्यांनी ठरवलं होतं. “सारं शहर पायाखाली घातलं, पोरी. हे बी होईल आपलं. बसाले एक घर भेटलं का झालं.”

ते घंटी वाजवून पाणी मागू लागले. कुणी दाराच्या फटीतून बाटली दिली, कुणी खाली गार्डला फोन केला. एका दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. एक अनोळखी म्हातारा पाण्याच्या निमित्ताने घंट्या वाजवतो, सावध राहा, असं खाली लिहिलं होतं. मुलीने उत्तर दिलं, “ये मेरे पापा हैं, सॉरी.” संध्याकाळी तिने त्यांना खांद्याला अडकवायची निळी बाटली आणून दिली. हे मला तिनेच सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी भेटायला गेले, तेव्हा ते गेटजवळच्या बाकावर बसले होते. बाटली मांडीवर होती. फोटोचं विचारलं.

“मले कोणी हाकललं नाही ना,” ते म्हणाले. “हाकललं असतं तं भांडलो असतो. बाटली देल्ली.”

त्या थंडीत ते गेले.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. गार्डने फ्लॅट नंबर विचारला, रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं. मुलीने स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं. ते पीत असताना दारामागच्या खुंटीवरची बाटली दिसली. मुलगी म्हणाली, भाऊ रोज सकाळी ती भरून निघत, दुपारभर बिल्डिंगांमधून फिरत आणि संध्याकाळी भरलेलीच परत आणत.

“मैंने पूछा था, पापा, प्यास नहीं लगती क्या. बोले, लगती है.”

ती आत गेली, तेव्हा मी बाटली खुंटीवरून उतरवली. जड होती.